पहिल्या हाकेला

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, नणंदेने नाही, शाळेतल्या बाईंनी तर नाहीच. डॉक्टरीणबाईंनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. नणंद म्हणाली, वहिनी, या वयात होतं असं, मलाही मध्ये भिंतीवर माणसं दिसायची. मी म्हटलं, तुला भिंतीवर दिसत असतील, मला जे दिसतं ते रोज समोर जेवायला बसतं. त्यावर ती गप्प झाली. पण गप्प होणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. रंगवून सांगायची मला अक्कल नाही. घडलं तसं लिहिते. दिवा जवळ ओढून घ्या आणि वाचा. नसेल वाचायचं तर ठेवून द्या, माझं काही अडत नाही.

घर बदलायचं निघालं ते नवऱ्यामुळे. तो कारखान्यात बॉयलरवर असतो. कारखान्याने आपलं बिऱ्हाड उचललं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन मांडलं. नवरा अंधारात निघायचा आणि अंधारात परत यायचा. पोरगी त्याला झोपलेली दिसायची आणि तिला तो. बसमध्ये उभ्याउभ्या झोपायची त्याला सवय लागली होती, इथवर ठीक. पण एका संध्याकाळी घरी आला तर शर्टाची बाही कोपरापर्यंत जळलेली, आणि ती कधी जळली ते त्यालाच ठाऊक नाही. आगीपुढे उभा राहून माणूस पेंगत होता. मी त्याच संध्याकाळी सांगितलं, आता बास. कारखाना आपल्याजवळ येत नाही तर आपण जाऊ.

नणंद म्हणाली, त्यात काय एवढं, जवळचं घर बघा आणि जा. तिला मूलबाळ नाही, तिला सोपं आहे. घर बघायचं म्हणजे नवऱ्याचं जाणंयेणं बघायचं, पोरीची शाळा बघायची, आणि मी दिवसभर कामावर असताना पोरीच्या वाटेवर कोणकोण उभं असतं तेही बघायचं. हे सगळं एका जागी मिळत नाही. एक धरावं तर दुसरं सुटतं.

आमची पोरगी उशिरा झालेली. इतकी उशिरा, की लोकांनी विचारायचंही सोडलं होतं. कागदावरचं नाव वेगळं, पण सगळे भिंगरीच म्हणतात, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ. जेवताना एक पाय हलता. झोपेत उशी पायाशी आणि पाय उशीशी. रिकामी जागा दिसली की हात पसरून गोल फिरणार, चक्कर येऊन पडेपर्यंत. आणि हाक मारली तर पहिल्या हाकेला कधी यायची नाही. दुसऱ्या हाकेला तिकडूनच हसायची. तिसऱ्या हाकेत माझा आवाज चढला, की मग "आले गंऽऽ" करत धावत यायची. तिसऱ्या हाकेशिवाय ती आली असं मला आठवत नाही.

माझं काम शाळेच्या बसवर. मुलं चढवायची, उतरवायची. मुलं मला बसमावशी म्हणतात. बस थांबली की मी दार उघडायचं, पोराचं नाव घेऊन हाक मारायची, पोर "आले" म्हणालं की "चल, चढ, पाय जपून" म्हणायचं आणि दार लावायचं. गळ्यात शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, त्याला माझी शिट्टीच काय ती कळते. इतकी वर्षं हे करतेय, की घरात कोणी नुसतं "आले" म्हणालं तरी माझ्या तोंडून "चल, चढ" बाहेर पडतं. नवरा त्यावरून माझी टिंगल करायचा. म्हणायचा, तुझ्या अंगात बस शिरली आहे.

या कामातून एक गोष्ट मी शिकले. गल्ली कशी आहे ते घरांवरून कळत नाही, हाकेवरून कळतं. दारात उभं राहून पोराला मोठ्याने हाक मारायची आणि बघायचं, कोण डोकावतं. ज्या गल्लीत हाकेबरोबर दोनचार डोकी बाहेर येतात, तिथे पोर हरवत नाही. कोणीतरी म्हणतंच, अहो, आत्ता त्या कोपऱ्यावर होती. म्हणून मी ठरवलं, घर बघायचं तर तिथल्या दारातून भिंगरीला हाक मारून बघायची. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तेच तर ऐकायचंय.

पहिली वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागूनच होती. नवरा तर प्रेमातच पडला, म्हणाला, दुपारचं जेवायला घरी येईन. शाळा मात्र मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्त्यावर नुसते ट्रक. मी हाक मारली तर माझीच हाक मला ऐकू आली नाही. एक कुत्रं तेवढं उठून बसलं. मी म्हटलं, तुम्ही दुपारी जेवायला याल हो, पोरगी रस्ता ओलांडून परत येईल का ते बोला. 

दुसरीकडे शाळा चांगली होती. मी हाक मारली आणि इतक्या खिडक्या उघडल्या की मलाच कसंसं झालं. मला आवडली ती गल्ली. पण त्या खिडक्यांतला एक गृहस्थ खाली उतरून आला, आणि पोरगी कितवीत आहे, मी कामावर कधी जाते, घरी कोण असतं, असं गोड आवाजात विचारायला लागला. मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तसंही तिथून कारखान्याला पोचायला पूर्वीइतकाच वेळ लागणार होता.

तिसरी वस्ती आम्हाला किल्लीवाल्याने दाखवली. हा घरं दाखवणारा दलाल. त्याच्याकडे किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा होता, पण तो मुठीत गच्च धरून चालायचा. एक किल्ली दुसरीवर वाजू द्यायचा नाही. तेव्हा मला वाटलं, असते एकेकाला सवय.

रविवार होता, उन्हं कलायला आली होती. वस्तीला कुंपण, फाटक, आत एकसारखी बसकी घरं, दारापुढे झाडलेल्या फरश्या. कारखान्याचा भोंगा ऐकू येईल इतकं जवळ. गल्लीच्या टोकाला शाळा, रस्ता ओलांडायचा प्रश्नच नाही. किल्लीवाला म्हणाला, या शाळेतल्या मुलांचा सगळीकडे नंबर येतो, आणि इथे कधी सायकलसुद्धा चोरीला जात नाही. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की आता काढ खोट. मी खोटच काढत होते. पण सापडेना, आणि सापडेना म्हणून माझं डोकं फिरायला लागलं. इतकं सरळ काही असतं का?

मग एकेक लक्षात यायला लागलं. सुट्टीचा दिवस आणि बाहेर एक पोर नाही. झोपाळे होते, पण त्यांच्याखालचं गवत पायांनी दबलेलं नव्हतं. कुठे भांडं वाजत नव्हतं, कोणी कोणावर ओरडत नव्हतं. सगळ्या दारांना बेल, आणि सगळी दारं बंद. वास एकच, ओल्या खडूचा. फळा नुकता पुसल्यावर येतो तसा. शाळा जवळ आहे म्हणून येत असेल, असं मी मनाला सांगितलं.

घर रिकामं होतं. पुढे एक खोली, मागे एक, मागच्या खोलीत भिंतीला नळ. रिकामी फरशी बघून भिंगरीने हात पसरले आणि फिरायला लागली. माझी शिट्टी तिने सकाळीच उडवली होती, ती तिच्या फ्रॉकच्या खिशात होती. मला ठाऊक होतं, मी रागावलेही होते, पण काढून घेतली नव्हती. नवरा नळ सोडून पाण्याची धार बघत होता. मी पुढच्या दारात गेले आणि माझं काम केलं.

"भिंगरेऽऽ!"

एक पडदा हलला नाही. एक दार उघडलं नाही. मी म्हटलं, झालं, सापडली खोट. हाक ऐकून इथे माणूस डोकावत नाही. मी समोरच्या खिडक्या एकेक करून बघत होते, आणि तेवढ्यात शाळेच्या बाजूने आवाज आला.

"आले."

आणि पावलं. हलकी, एकसारखी. माझी नजर खिडक्यांवरच होती. आणि सवय काय करते बघा… मी न बघता एका हाताने दार धरलं, बाजूला झाले आणि म्हटलं, "चल, चढ, पाय जपून."

माझ्या कमरेला चाटून काहीतरी आत गेलं. गार. बंद ठेवलेलं कपाट उघडल्यावर अंगावर येतं तसं.

मी वळले तर पुढची खोली रिकामी. आतून नवरा ओरडला, अगं, कशाला बोंबलतेस, ही इथेच आहे माझ्याजवळ. डोकावून बघितलं, तर होती. फिरत होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची पोर असेल, ओ देऊन आपल्या घरी गेली असेल.

किल्लीवाला दाराशी उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. अगदी हळू म्हणाला, "बाई… हाक का मारलीत?"

मी म्हटलं, पोर माझी, तोंड माझं.

"इथे हाक मारत नाहीत. बेल वाजवतात. उंबऱ्यात उभं राहून तर…" पुढचं त्याने गिळलं. मी खोदून विचारलं तर म्हणाला, काही नाही, लोकांना शांतता आवडते. आणि घाईघाईने नवऱ्याला घेऊन फाटकाकडे निघाला.

मी मागे राहिले दार ओढून घ्यायला. दार लावायच्या आधी नाव घ्यायचं, हाही बसमधलाच नियम. मी आत तोंड करून म्हटलं, "भिंगरे, चल गं."

आतून, मागच्या खोलीतून, हसू ऐकू आलं.

आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूने माझ्या हातात एक हात आला. "आले ना, आई."

खाली बघितलं तर भिंगरी. तोच फ्रॉक, तीच वेणी, हनुवटीवर बसच्या पायरीवर आपटल्याची तीच खूण. मी म्हटलं, ही कधी बाहेर आली? आणि आतला आवाज? रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, सगळ्यांना माहीत आहे. हात हातात होता. पोर हातात असल्यावर आणखी काय बघायचं असतं? मी दार ओढलं. किल्लीवाला परत येऊन कुलूप लावून गेला.

फाटकाशी पोचलो तेव्हा मागून कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू आली. एकच. मला वाटलं, असेल कुणी पहारेकरी.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. हात मांडीवर, पाय जुळवलेले. भिंगरी खिडकीशी बसली की सीटवर गुडघे टेकून काचेला नाक लावते, मागच्या माणसाचं डोकं खाते. नवरा म्हणाला, दमली आहे. घर येईपर्यंत मी तिच्याकडे आणि ती समोर बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या हाकेला यायला लागली. पहिल्या म्हणजे काय, हाक पुरी व्हायच्या आत. मी नुसतं तोंड उघडावं आणि ती दारात उभी, "आले." ताटातलं सगळं संपवायची. चपला भिंतीला जोडून ठेवायची. रात्री ज्या कुशीवर निजली, सकाळी त्याच कुशीवर. शाळेतल्या बाईंनी मुद्दाम बोलावून सांगितलं, काय जादू केलीत हो, किती शहाणी झाली. मी म्हटलं, बाई, ही माझी नाही. बाई हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता तुम्हीच सांगा, मी कुणापुढे काय रडायचं? पोरगी उद्धट झाली तर माणूस तक्रार करतो. माझी सुधारली होती. नवरा म्हणाला, आयुष्यभर ओरडलीस, एका जागी बस म्हणून. आता बसली तर तेही खपत नाही. हनुवटीची खूण मी दहादा बघितली. गुडघ्यावरचा व्रण, कानामागचा तीळ, सगळं जागच्या जागी होतं. कधीकधी वाटायचं, नवऱ्याला मी वेडी वाटते, तर खरंच वेडी झाले असेन. ती माझ्या शेजारी निजायची तेव्हा मी तिच्या केसांवरून हात फिरवायचे, आणि केसांना ओल्या खडूचा वास यायचा. रोज धुतले तरी यायचा.

मग मी तिला विचारायला लागले. जुन्या गोष्टी. सगळं बरोबर सांगायची. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की जे मला माहीत आहे तेवढंच तिला माहीत आहे, आणि तेही माझ्याच शब्दांत. भिंगरीने मैत्रिणीच्या कानात काय सांगितलं होतं, मधल्या सुट्टीत ती कुठे लपायची, असलं माझ्या माहितीबाहेरचं विचारलं की नुसती हसायची. एक दिवस कामावर निघताना मी गळ्याशी हात नेला आणि आठवलं.

"शिट्टी कुठे आहे गं माझी?"

"माहीत नाही, आई."

"तुझ्या खिशात होती. घर बघायला गेलो त्या दिवशी."

"माझ्या खिशात नव्हती."

भिंगरी खोटं बोलली की तिचे डोळे आधी हसतात. हिचे डोळे हसले नाहीत. ही खरं बोलत होती. आणि तिथे उभ्याउभ्या मला फाटकाशी ऐकलेली ती शिट्टी आठवली. एक. एक म्हणजे थांब.  मी दार कुणावर लावून आले होते?

किल्लीवाल्याकडे गेले. म्हटलं, घर उघडून दाखव. तो म्हणाला, राहायला येणार असाल तर किल्ली मिळेल, नुसतं बघायला आता नाही. मी त्याला शिव्या दिल्या, त्याने त्या खाली मान घालून ऐकल्या. मग मी एकटीच गेले, भर दुपारी. शाळा चालू होती, पण मुलांचा कसलाही गलका नाही. घराच्या दाराला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग फरशीवर पाय घासल्याचा आवाज… अनवाणी… गोल, गोल… आणि धप्प.

 हाक ओठांवर आली आणि मी तोंडावर हात दाबून धरला. हाक मारली आणि दुसरंच कोणी आलं तर? आपल्याच पोरीला तिच्या नावाने हाक मारायची मला भीती वाटली. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

मागे दाराची फट उघडली होती. समोरच्या घरातली बाई, माझ्याच वयाची. मी तरातरा तिच्याकडे गेले. ती दार लावून घेणार तेवढ्यात मी पाय मध्ये घातला. म्हटलं, आत कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे.

ती माझ्याकडे बघत नव्हती. कुजबुजली, "आम्हीही नवीन आलो तेव्हा… मुलगा खेळत होता, जेवायला हाक मारली मी."

"मग?"

"आला. चांगला आहे. पहिला येतो वर्गात." मग म्हणाली, "सवय होते हो. आतला सुरुवातीला फार आदळआपट करतो… मग दमतो." तिच्या मागे टेबलाशी एक मुलगा शाळेच्या कपड्यांत ताठ बसला होता. तब्येत बिघडली म्हणून घरी असावा. आमच्याकडे वळूनही बघितलं नाही त्याने. मी पाय काढून घेतला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेच घर घ्यायचं. तो बघतच राहिला. सगळ्या घरांत खोट काढणारी बाई आता सामान बांधायला बसली. म्हणाला, शेवटी पटलं ना? मी म्हटलं, पटलं. दुसरं काय सांगणार? माझी पोर तिथे कोंडलेली आहे म्हटलं असतं तर गोळ्या दुप्पट झाल्या असत्या.

आम्ही राहायला गेलो. ज्या ज्या गोष्टीसाठी घर बदललं त्या सगळ्या मिळाल्या, हे मला नाकारता येत नाही. नवरा चालत कामावर जातो, उजेडात परत येतो. तोंडावर तकाकी आली आहे. ती शाळेत जाते, एकटी जाते, एकटी येते, वाटेत तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. चपला बाहेर राहिल्या तरी सकाळी तिथेच असतात. नणंद येऊन गेली, म्हणाली, वहिनी, नशीब काढलंत.

पण दिवेलागण झाली की मागच्या खोलीत गडबड सुरू होते. नळ आपोआप सुटतो. खुर्ची उलटी होते. पिठाचा डबा सांडतो आणि पिठात गोल गोल रेघोट्या उठतात, फिरणाऱ्या पायांच्या. नवऱ्याने आधी मांजरावर घातलं. इथे मांजर येत नाही म्हटल्यावर माझ्यावर घातलं. म्हणाला, तूच करतेस आणि तुलाच आठवत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. ती मात्र पुढच्या खोलीत खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. तिच्यावर कोणी आळ घेईल कसा?

मला त्या पसाऱ्याचा राग येत नाही. खरं सांगते, पीठ भरताना मला रडू येतं ते बरं वाटून. दमली नाही अजून माझी पोर.

मी नाव घेत नाही. भिंतीला तोंड लावून नुसतं म्हणते, शिट्टी वाजव. पहिल्यांदा म्हटलं, काही नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तर नळाच्या मागे कुठेतरी कोणी हसल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा म्हटलं आणि वाजली. एक. मी म्हटलं, थांबले आहे, इथेच आहे मी, आता दोन वाजव आणि ये. रोज म्हणते. रोज एकच वाजते.

आणि पुढच्या खोलीतून, मी न बोलावता, ती म्हणते, "आले."

परवा नवरा लवकर आला. बाहेर चांगला उजेड होता. मी पुढच्याच खोलीत चुलीपाशी, त्याच्या डोळ्यांसमोर. ती खुर्चीवर, तीही त्याच्या डोळ्यांसमोर. तो बूट काढत होता, काहीतरी बोलत होता, कारखान्यातलं. तेवढ्यात मागच्या खोलीत त्याचा दाढीचा आरसा भिंतीवरून खाली आला. नुसता पडला नाही, फेकला. काचा दारापर्यंत आल्या.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नव्हते, त्याला दिसत होतं. त्याने तिच्याकडे बघितलं. एक बूट त्याच्या हातातच राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज माझ्यासारखा झाला.

"कोणी… कोणी केलं हे?"

"मी नाही, बाबा," ती म्हणाली. "मी इथेच बसले आहे ना."

"मग कोणी?"

तिने मान वळवली. मागच्या खोलीकडे नाही, माझ्याकडे. तिच्या ओठांवर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. आतून एक शिट्टी आली, अगदी बारीक. नवऱ्यानेही ऐकली. मग ती, कुणाची चहाडी करावी तशी, शांतपणे म्हणाली,

"भिंगरी."